गीझर आणि घराचे अर्थिंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

थंडी सुरू झाली की गीझर आणि पाणी तापवण्याच्या रॉडविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख अर्थिंगकडे, म्हणजे गळणारी वीज सुरक्षितपणे जमिनीत नेणाऱ्या जोडणीकडे, असल्यामुळे संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे. काही दिवसांपासून न्हाणीघरातील नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. गीझर बंद असतानाही हे होते. इलेक्ट्रिशियनने गीझर तपासला व तो ठीक असल्याचे सांगितले. 'इमारतीचे अर्थिंग कमजोर झाले आहे, मी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, म्हणजे त्रास थांबेल,' असे तो म्हणतो. तसे करून घ्यावे का? (डोंबिवली)

उत्तर : कृपया कोणत्याही परिस्थितीत तसे करून घेऊ नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझरचा प्लग काढून ठेवा, केवळ स्विच बंद करून थांबू नका.

सॉकेटमध्ये न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र जोडल्यावर झिणझिण्या बहुधा थांबतील, आणि नेमके तेच धोक्याचे आहे, कारण घरातल्या माणसांना दोष दूर झाला असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्या क्षणापासून गीझरचे धातूचे आवरण न्यूट्रलच्या तारेला जोडलेले राहते. ही न्यूट्रल तार मीटरपासून सॉकेटपर्यंत कुठेही तुटली, एखादा स्क्रू सैल झाला किंवा मीटररूममध्ये काम करताना कोणी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तर चालू उपकरणांमधून किंवा थेट येणारा 230 व्होल्टचा दाब सरळ गीझरच्या टाकीवर आणि तिच्यामार्फत पाण्यावर व नळावर येतो. अशा वेळी गीझरमध्ये कोणताही बिघाड नसतो आणि एमसीबीही (जादा प्रवाह वाहिल्यास पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पडत नाही.

आता झिणझिण्या कशामुळे येतात ते पाहू. गीझर बंद असताना त्या येतात, म्हणजे दोष गीझरच्या बाहेरही असू शकतो. जुन्या इमारतींमध्ये सर्व घरांच्या अर्थ वायर एकाच उभ्या पट्टीला जोडलेल्या असतात आणि ती पट्टी खाली जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाते. खड्ड्याजवळची पट्टी गंजून तुटली, तर वरच्या सगळ्या घरांची अर्थ वायर एकमेकांना जोडलेली, पण जमिनीपासून सुटलेली, अशा अवस्थेत राहते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या वॉशिंग मशीनमधली गळती त्या सामाईक वायरवरून तुमच्या गीझरच्या आवरणापर्यंत येऊ शकते. वॉशिंग मशीन किंवा संगणकासारख्या उपकरणांत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी जे लहान कपॅसिटर बसवलेले असतात, त्यांच्यामुळे कोणताही बिघाड नसतानाही सुटलेल्या अर्थ वायरवर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा दाब दिसू शकतो. त्यातून वाहू शकणारा प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे माणसाला केवळ मुंग्या येतात. परंतु या मुंग्यांचा अर्थ एवढाच की अर्थिंग तुटलेले आहे, आणि उद्या कोणाच्याही घरात खरा बिघाड झाला तर तोच मार्ग पूर्ण प्रवाह घेऊन येईल.

दुसरी शक्यता तुमच्याच घरातली आहे. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असला, तर तो बंद केल्यावर गीझर बंद होतो खरा, पण आतल्या एलिमेंटवर फेज तसाच राहतो. एलिमेंटचे आवरण किंचित चिरलेले असेल तर बंद गीझरमधूनही पाण्यात गळती होत राहते. म्हणूनच गीझरसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच किंवा एमसीबी वापरावा, असा माझा आग्रह असतो.

तपासणीची सुरुवात सोपी आहे, मात्र ती जाणकाराने करावी. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यातला दाब मीटरने मोजला तर तो 230 व्होल्टच्या जवळपास यावा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट, फार तर आणखी थोडा दाब असावा. तिथे 50 किंवा 100 व्होल्ट दिसले तर अर्थ सुटलेला आहे असे धरून चालावे. गीझर पूर्ण भाराने चालू असतानाही न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी शून्य दिसले, तर कोणी तरी आधीच ती जोडणी करून ठेवली असल्याची शंका घ्यावी. जुन्या घरांत असे पुष्कळदा आढळते.

या ठिकाणी टेस्ट लॅम्पविषयी सांगणे आवश्यक वाटते, कारण फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून तो पेटला की 'अर्थिंग उत्तम आहे' असा निर्वाळा देण्याची पद्धत सर्रास आहे. 100 वॉटच्या साध्या बल्बचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे 530 ओहम असतो. अर्थिंगचा रोध 100 ओहम इतका वाईट असला तरी तो बल्ब थोडासा मंद, पण व्यवस्थित पेटतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. शिवाय अर्थ वायर पुढे तुटलेली असेल तर बल्बमधून आलेला फेज त्या वायरला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या आवरणावर पसरतो, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत कोणी फ्रीजला हात लावला तर त्याला झटका बसतो. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टर या उपकरणानेच मोजावा.

पाण्याच्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला अर्थ वायर गुंडाळण्याचा पर्यायही तुम्हाला सुचवला जाईल. तोही स्वीकारू नये. नळाची एखादी लांबी आज सीपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपने बदललेली असतेच, त्यामुळे मार्ग मध्येच तुटतो आणि गळती वरच्या-खालच्या घरांतल्या नळांवर जाऊन थांबते.

हे काम एका घराचे नाही. सोसायटीच्या बैठकीत विषय मांडून परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून खड्डा, पट्टी आणि प्रत्येक मजल्यावरची जोडणी तपासून घ्यावी, मोजलेला रोध लेखी घ्यावा. पुरवठा जिथे सुरू होतो तिथे सुस्थितीतले अर्थ टर्मिनल उपलब्ध करून देणे हे नियमांनुसार वीजपुरवठादाराचे काम आहे. त्यामुळे मीटरजवळ ते नसेल किंवा तुटले असेल तर तशी लेखी तक्रार जरूर करावी. त्यापुढचे, म्हणजे इमारतीच्या आतले अर्थिंग मात्र मालकांची जबाबदारी आहे. आणि इमारतीचे काम पूर्ण होण्याची वाट न पाहता तुमच्या घरातल्या वितरण पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आजच बसवून घ्या. तो आधीच बसवलेला असेल तर त्यावरचा आकडा वाचा. 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आगीपासून संरक्षण देण्यासाठी असतो, माणसाचा जीव वाचवण्यासाठी तो पुरेसा नाही.

प्रश्न : आम्ही जांभ्या दगडाच्या कातळावर घर बांधत आहोत. ठेकेदार म्हणतो की कातळात अर्थिंग कधीच चांगले मिळत नाही, त्यामुळे मीठ-कोळसा घालून समाधान मानावे. गीझर तीन ठिकाणी बसवायचे आहेत. प्रत्येकाला 16 अँपिअरचा एमसीबी आहेच, मग तेवढे पुरेसे नाही का? (राजापूर)

उत्तर : एमसीबी पुरेसा नाही, आणि तो का पुरेसा नाही हे आकडेमोड करून पाहिल्याशिवाय सहसा पटत नाही, म्हणून ती येथे देतो.

समजा, गीझरचे एलिमेंट फुटले आणि फेज आवरणाला टेकला. प्रवाह तुमच्या अर्थिंगमधून जमिनीत जाईल आणि जमिनीतून गावातल्या रोहित्राच्या अर्थिंगपर्यंत परत जाईल. तुमच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम आणि रोहित्राकडचा 2 ओहम धरला, तर 230 भागिले 12, म्हणजे सुमारे 19 अँपिअर प्रवाह वाहील. घरात साधारणपणे बसवला जाणारा सी प्रकारचा 16 अँपिअरचा एमसीबी तत्क्षणी पडण्यासाठी 80 ते 160 अँपिअर लागतात. 19 अँपिअरला तो कित्येक मिनिटे, कदाचित बराच काळ तसाच चालू राहील. आणि या सगळ्या वेळात गीझरच्या आवरणावर किती दाब असेल? 19 गुणिले 10, म्हणजे 190 व्होल्ट. अर्थिंग केलेले आहे, खड्डा आहे, हिरवी वायर जोडलेली आहे, तरीही गीझर 190 व्होल्टवर आहे.

ओल्या अंगाच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध सुमारे 1000 ओहमपर्यंत खाली येतो. तेवढ्या दाबाला त्याच्यातून दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आकसून हातातली वस्तू सोडता येईनाशी होते, 30 च्या आसपास श्वास अडकू शकतो आणि 50 च्या पुढे हृदयाचे ठोके विस्कटण्याचा धोका सुरू होतो.

आता याच घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे असे धरा. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत, आणि फरक मोठा असला तर 0.04 सेकंदात तो पुरवठा तोडतो. तुमच्या कातळात सगळे प्रयत्न करूनही रोध 100 ओहमच्या खाली आला नाही, तरी 30 मिलिअँपिअरला आवरणावर केवळ 3 व्होल्ट दाब येतो. यावरून कातळावर बांधलेल्या घरात आरसीसीबीचे महत्त्व किती अधिक आहे, हे लक्षात येईल. काळ्या मातीतल्या घरापेक्षा तुम्हाला त्याची गरज जास्त आहे.

याचा अर्थ अर्थिंगकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नव्हे. अर्थिंगच नसेल तर आरसीसीबीला गळती कळण्यासाठी प्रवाहाला जमिनीत जाण्याचा मार्ग लागतो, आणि तो मार्ग मग पहिल्यांदा हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून मिळतो. तो माणूस बहुधा वाचतो, पण झटका खाऊनच. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी, कोणी हात लावण्यापूर्वीच पुरवठा तुटतो. ही दोन्ही साधने मिळून एकच संरक्षण होते, असे मी मानतो.

खड्ड्याबाबत : पाइपचे अर्थिंग करणार असाल तर 40 मिलिमीटर व्यासाचा आणि किमान अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाइप उभा गाडावा. खड्डा घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर घ्यावा. एका पाइपने रोध कमी होत नसेल तर दुसरा पाइप पहिल्यापासून सुमारे पाच मीटर अंतरावर गाडून दोन्ही पट्टीने जोडावेत. जवळजवळ गाडलेल्या दोन पाइपांचा उपयोग जवळपास एकाइतकाच होतो. मीठ-कोळशाने रोध सुरुवातीला नक्की उतरतो, परंतु कोकणातल्या पावसात सच्छिद्र जांभ्यातून मीठ वाहून जाते आणि जाण्यापूर्वी पाइपही गंजवते. त्याऐवजी बेंटोनाइट ही ओल धरून ठेवणारी माती भरावी. ती महाग पडली तरी टिकते. जागा निवडताना आवारातला सर्वांत सखल, उन्हाळ्यातही ओल राहणारा कोपरा पाहावा. नारळाच्या आळ्याजवळची किंवा न्हाणीघराचे पाणी जिरते ती जागा बहुतेक घरांत उपलब्ध असते.

रोध मोजायचा तो एप्रिल किंवा मे महिन्यात. श्रावणात घेतलेले माप तुम्हाला समाधान देईल, पण जमीन कोरडी पडल्यावर ते खरे राहणार नाही.

प्रश्न : गीझर सुरू केला की थोड्या वेळाने आरसीसीबी पडतो. मिस्त्रीने 'आरसीसीबी खराब आहे' असे सांगून गीझरची वायर थेट मेन स्विचपासून दिली. आता काही त्रास नाही. तरी मनात शंका आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. (सोलापूर)

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. जो दोष आरसीसीबी रोज दाखवत होता तो तसाच आहे, केवळ तो दाखवणारे साधन बाजूला काढले गेले आहे. ती थेट जोडणी आजच काढून टाकावी.

गीझरच्या एलिमेंटमध्ये नायक्रोमची तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते आणि त्यावर धातूची नळी असते. वीज तारेतून वाहते, उष्णता भुकटीतून बाहेर येते, पण वीज येत नाही. बोअरच्या जड पाण्यात या नळीवर क्षारांचा थर चढतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात जाऊ शकत नाही, नळी आतून तापत राहते, तिला सूक्ष्म चिरा पडतात आणि त्यांतून पाणी भुकटीपर्यंत पोहोचते. ओली भुकटी वीज अडवू शकत नाही. गीझर सुरू केल्यावर 'थोड्या वेळाने' आरसीसीबी पडणे हे या बिघाडाचे अगदी नेहमीचे लक्षण आहे, कारण नळी तापून प्रसरण पावली की चीर रुंदावते.

चांगल्या स्थितीतल्या 2 किलोवॉटच्या गीझरची गळती मानकाप्रमाणे दीड मिलिअँपिअरपेक्षा अधिक असू नये. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या खाली पडत नाही. म्हणजे तो पडतो तेव्हा गळती अनुज्ञेय मर्यादेच्या किमान दहापट झालेली असते. अर्थात ती केवळ गीझरचीच असेल असे नाही, घरातल्या सगळ्या उपकरणांची थोडी-थोडी गळती मिळूनही ही बेरीज होऊ शकते. म्हणून गीझरचा प्लग काढून त्याच्या फेज-न्यूट्रल पिना आणि अर्थ पिन यांच्यामधला रोध 500 व्होल्टच्या मेगर या रोध मोजणाऱ्या उपकरणाने मोजून घ्यावा. तो 1 मेगओहमच्या खाली असेल तर एलिमेंट बदलावे. गीझर अनेक महिने बंद होता आणि पहिल्याच दिवशी असे झाले, तर भुकटीत केवळ दमटपणा शिरलेला असू शकतो. पण आपल्याकडे तो रोज पडत होता, त्यामुळे ती शक्यता मी धरत नाही.

एलिमेंट बदलताना टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही पाहावा. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. जड पाण्याच्या भागात वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढणे आणि हा रॉड तपासणे, एवढे केले तरी पुष्कळ बिघाड टळतात. मेगरवर गीझर निर्दोष ठरला तर सॉकेटमध्ये किंवा कुठल्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले आहेत का ते शोधावे. तशी जोडणी असली की आरसीसीबी पडतच राहतो आणि दोष उगीच त्याच्या माथी मारला जातो.

प्रश्न : गीझरचा प्लग सॉकेटात नीट बसत नाही म्हणून अडॅप्टर लावला आहे. चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. 2 किलोवॉटचा गीझर सुमारे 9 अँपिअर आणि 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर 13 अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी 16 अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तेवढ्याच जाडीची हिरवी अर्थ वायर लागते. प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब ठेवलेली असते ती अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि सर्वांत शेवटी सुटावा म्हणून. अडॅप्टरमध्ये हीच जोडणी सर्वांत ढिली असते, आणि काहींत ती नसतेच.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. तिथे गरम पाणी मिळत नाही, म्हणून बादलीत रॉड टाकून पाणी तापवतो. खोलीत अर्थिंग आहे की नाही माहीत नाही. काय काळजी घ्यावी? (पुणे)

उत्तर : अर्थिंग आहे की नाही हे माहीत नसेल, तर रॉड वापरू नये, असेच मला सांगावे लागेल. गीझरमध्ये निदान पाणी टाकीत बंद असते. रॉडच्या बाबतीत विजेचे उपकरण आणि उघडे पाणी हाताच्या अंतरावर असतात, आणि दरवर्षी हिवाळ्यात रॉडच्या झटक्याने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. वसतिगृहाच्या व्यवस्थापनाकडे सर्वांनी मिळून लेखी मागणी करा : खोल्यांच्या सॉकेटांचे अर्थिंग मोजून घ्यावे आणि प्रत्येक मजल्याच्या वितरण पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. ही मागणी अवाजवी नाही.

ती पूर्ण झाल्यावरही काही गोष्टी कसोशीने पाळा. रॉड तीन पिनांच्या प्लगचा आणि आयएसआय चिन्हाचा असावा. बादली प्लॅस्टिकची असावी, लोखंडाची किंवा पितळेची नको. रॉड आधी पाण्यात, त्यावर खूण केलेल्या पातळीपर्यंत बुडवावा आणि मगच स्विच सुरू करावा. पाणी तापले का ते पाहण्यासाठी बोट बुडवण्यापूर्वी स्विच बंद करून प्लग सॉकेटातून काढावा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे का नाही, ते पहिल्या उत्तरात आले आहे. बादली न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर नव्हे, तर कोरड्या जागी ठेवावी, आणि रॉड सुरू असताना खोली सोडून जाऊ नये.

एखाद्या मित्राला झटका बसून तो चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला विजेपासून वेगळे करा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, आणि श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न : आरसीसीबीवरचे 'टी' बटण दाबले की तो पडतो. म्हणजे आमचे अर्थिंग चांगले आहे, असे समजावे का? (लातूर)

उत्तर : असे समजू नये. ते बटण आरसीसीबीच्या आतच एका रोधातून फेज आणि न्यूट्रल यांच्यात कृत्रिम फरक निर्माण करते. त्या चाचणीत अर्थ वायरचा काहीही संबंध येत नाही, त्यामुळे घरात अर्थिंगच नसले तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडेल. बटण महिन्यातून एकदा दाबावे, कारण वर्षानुवर्षे न हललेली आतली यंत्रणा अडकून बसू शकते, आणि बटण दाबूनही तो पडला नाही तर त्याच दिवशी बदलावा. अर्थिंगची परीक्षा वेगळी आहे. तारतंत्री किंवा ठेकेदार बोलावताना त्याच्याकडे परवाना आहे का आणि त्याने अर्थ टेस्टर व मेगर सोबत आणला आहे का, हे आधीच विचारा. काम झाल्यावर तीन आकडे त्याच्या सहीनिशी कागदावर घ्या : अर्थिंगचा रोध किती ओहम आला, गीझरच्या सॉकेटात न्यूट्रल व अर्थ यांच्यात किती व्होल्ट आले, आणि गीझरचा मेगरवरचा रोध किती आला. हा कागद वितरण पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात घेतलेली मापे त्याच्याशी ताडून पाहता येतील.